छपराचे काम जाणणारा माणूस घरमालकाला का मिळत नाही?

छत्रछाया
नमस्कार. घर रंगवायला माणूस मिळतो, नळकाम करणारा उशिरा का होईना पण येतो, फरशी बसवणाऱ्यांची तर वाण नसते. मात्र राहत्या घराचे छप्पर गळू लागले, की ते नीट पाहून, कारण शोधून जबाबदारीने दुरुस्त करील असा माणूस गाठताना भल्याभल्यांची दमछाक होते. फोन उचलला जातो, "येऊन बघतो" असे आश्वासन मिळते आणि पुढे काहीच घडत नाही. जे प्रत्यक्ष येतात, त्यांतले बरेचसे खालूनच मान वर करून "सगळे छप्पर बदलावे लागेल" असा निर्वाळा देतात, नाहीतर कुठलासा काळा लेप फासून निघून जातात.

यावर नेहमीचे उत्तर असे दिले जाते, की "हल्ली माणसेच मिळत नाहीत". मला ते उत्तर अपुरे वाटते. गोदामांची, कारखान्यांची, शाळांची मोठमोठी छपरे ठरल्या मुदतीत उभी राहतात. म्हणजे माणसे आहेत, कौशल्यही आहे. ते छोट्या घरापर्यंत पोहोचत नाही, एवढेच. असे का होत असावे? आपले अनुभव लिहावेत, मतभेद असल्यास तेही स्पष्ट मांडावेत. कंत्राटदार मंडळी येथे असतील तर त्यांची बाजू मला विशेष आस्थेने ऐकायची आहे. कृपया जाहिराती आणि फोन नंबर देऊ नयेत.

जुने घर
विषय अगदी जिव्हाळ्याचा आहे. आमचे छप्पर कौलारू आहे. भिंतीच्या कोपऱ्यात ओलीचा मोठा डाग दिसू लागला, म्हणून वेगवेगळ्या लोकांना बोलावले. एकाने कौले फुटल्याचे सांगितले, दुसऱ्याने आढ्यावरच्या चुन्याला दोष दिला, तिसऱ्याने लाकूडकाम संपले असे सांगून लोखंडी सांगाडा आणि पत्र्यांचा प्रस्ताव ठेवला. माळ्यावर चढून आतून पाहण्याची तसदी कोणीच घेतली नाही.

शेवटी एक वयस्क सुतार आले. त्यांनी भर दुपारी माळ्याची खिडकी लावून घ्यायला सांगितले आणि अंधारात डोळे सरावेपर्यंत शांत बसून राहिले. मग बॅटरी वाशाच्या खालच्या अंगाला अगदी चिकटवून आडवी धरली. त्या तिरप्या उजेडात वाशावरून उतरत गेलेली बोटभर रुंदीची काळसर रेघ दिसली. पाणी आढ्याजवळ शिरत होते, वाशाच्या पोटाला धरून बरेच अंतर घरंगळत जात होते आणि वाटेत एका जुन्या खिळ्याशी अडून तिथून भिंतीवर टपकत होते. डाग एका टोकाला आणि दोष दुसऱ्या टोकाला. सुतारांनी आढ्याखालची काही कौले बदलली, सरकलेली रीप पुन्हा ठोकली आणि काम संपले. माझ्या मते खरी टंचाई आहे ती अशा पाहणाऱ्या माणसाची. हातोडी धरणारे हात त्यानंतरचा प्रश्न आहे.

सुरक्षारेषा
मी बांधकामाच्या जागेवरील सुरक्षिततेचे काम करते. या चर्चेत एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवली जावी असे वाटते. छपराचे काम हे जगातल्या सर्वांत धोकादायक कामांपैकी एक आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार, पूर्णवेळ काम करणाऱ्या दर एक लाख छप्पर कामगारांमागे ५७.५ जणांचा कामावर मृत्यू झाला. सर्व व्यवसायांचे मिळून हेच प्रमाण ३.७ होते. त्या वर्षीच्या यादीत छपराच्या कामाहून अधिक घातक ठरलेला व्यवसाय एकच होता, तो म्हणजे जंगलातील वृक्षतोड.

हे अपघात केवळ कडेवरून घसरून होत नाहीत. जुने सिमेंटचे पत्रे आणि उजेडासाठी बसवलेले प्लॅस्टिकचे पत्रे उन्हापावसाने ठिसूळ होतात; वरून ते भक्कम दिसतात आणि पाय पडताच माणूस थेट खाली जातो. म्हणून पर्लिनवर, म्हणजे पत्र्यांना खालून आधार देणाऱ्या आडव्या दांड्यांवर, फळ्या टाकून त्यांवरूनच चालणे, कडेला कठडा उभारणे, कमरेचा पट्टा आणि दोर भक्कम जागी बांधणे ही किमान तयारी असते. घरमालक कोटेशन मागताना यातले काहीही विचारत नाहीत. दोन कोटेशनांपैकी ज्यात परांची आणि दोरांचा खर्च धरलेला असतो, ते साहजिकच महाग दिसते आणि नाकारले जाते. माणसाच्या जिवाची काळजी घेणाराच स्पर्धेतून बाद होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरी खिडकी
सुरक्षारेषा यांचे म्हणणे पटले, पण एक शंका आहे. धोका तर गोदामाच्या छपरावरही आहे, किंबहुना उंची तिथे अधिक असते. मग माणसे तिथे जातात आणि घरावर येत नाहीत, याचा उलगडा एवढ्याने होत नाही.

परांची
मी छपराची कामे घेणारा कंत्राटदार आहे. घरांची कामे मी पूर्वी पुष्कळ केली, आता निवडक करतो. दुसरी खिडकी यांनी अचूक जागी बोट ठेवले आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कोणत्याही छपरावर काम सुरू होण्याआधीचा खर्च जवळजवळ ठरलेला असतो. जागा पाहायला जाणे, मोजमाप, परांची आणणे, बांधणे, सोडवून परत नेणे, दोर आणि पट्टे, गाडी, माणसांचा जाण्यायेण्यातला दिवस. हा खर्च गोदामाच्या अवाढव्य छपरावर विभागला गेला की जाणवतही नाही. घराच्या छपरावर चार कौले बदलायची असोत की एका नळाभोवतीचा सांधा भरायचा असो, तयारी तेवढीच लागते. ग्राहकाला मात्र दिसते ते तासाभराचे काम, आणि त्याला वाटते की आपण लुबाडले गेलो.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. मी तुमच्या छपराच्या एका कोपऱ्यात हात घातला, की त्यानंतर ते छप्पर कुठूनही गळले तरी "तुम्हीच तर काम केले होते" हे ऐकावे लागते. जुन्या छपरात दोष एकटा नसतो. पाण्याची एक वाट बंद केली की ते कधी कधी दुसरी शोधते, आणि ती वाट आधीपासून होती हे सिद्ध करणे मला शक्य नसते. संपूर्ण छप्पर नवे केले तर मी निर्धास्तपणे हमी देऊ शकतो, कारण त्यातला प्रत्येक सांधा माझ्या माणसांनी घातलेला असतो. "सगळे बदला" असे सांगणारे सर्वच लोक लोभी नसतात. अनेकदा त्यांना निभावता येईल अशी हमी तेवढ्याच कामात देता येते. अर्थात जे खालूनच पाहून असे सांगतात, त्यांचे समर्थन मी करणार नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. छप्पर गळते ते पावसात, आणि फोन येतात तेही पावसात, सगळ्यांचे एकाच आठवड्यात. नेमक्या त्याच दिवसांत वर चढणे धोक्याचे असते आणि ओल्या पृष्ठभागावर बहुतेक लेप धरत नाहीत. पाऊस उघडला की निकड संपते, तेच ग्राहक "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात आणि माझी कुशल माणसे रिकामी बसतात. रिकाम्या बसलेल्या माणसाला मी वर्षभर पोसू शकत नाही. तो मोठ्या प्रकल्पावर जातो आणि तिथे स्थिरावतो. पुढच्या पावसात तुमचा फोन येतो, तेव्हा माझ्याकडे पाठवायला जो उरलेला असतो, त्याला मी स्वतःच्या घरावरही चढवणार नाही.

छत्रछाया
परांची, आपण वेळ काढून इतके मोकळेपणाने लिहिलेत, याबद्दल आभार. एक विचारतो. निव्वळ पाहणी करून दोष शोधून देण्याचे वेगळे पैसे आपण घेता का?

परांची
मागून पाहिले. बहुतेक जण "कोटेशन तर सगळे फुकट देतात" असे म्हणतात. जुने घर यांच्याकडे आलेल्या सुतारांनी माळ्यावर जे केले, त्यालाच सर्वांत जास्त अनुभव लागतो, आणि आमच्या धंद्यात नेमके तेच काम बिनपैशाचे समजले जाते. पाहणी फुकट असली, की ती करणारा ती उरकणारच.

हिशेबवही
परांची यांचा शेवटचा मुद्दा मला या सगळ्याचे मूळ वाटतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक विचार मांडला होता, आणि २००१ साली त्यांना ज्या संशोधनासाठी नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला, त्यात तो प्रमुख होता. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला तो ओळखता येत नाही, तेव्हा घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरून किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगले विक्रेते बाजूला होतात. मग सरासरी आणखी घसरते, देऊ केलेली किंमतही घसरते आणि बाजारात निकृष्ट तेवढे उरते.

छपराच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण काम झाल्यावरही ग्राहकाला ते पारखता येत नाही. वर चढून पाहणारे घरमालक किती? फ्लॅशिंग, म्हणजे छप्पर आणि भिंत यांच्या सांध्यावर पाणी अडवणारी पट्टी, भिंतीत खाच पाडून आत बसवली आहे की नुसती वरून चिकटवली आहे, हे खालून दिसत नाही. दोन्ही पहिल्या पावसात कोरडीच राहतात. फरक काही वर्षांनी कळतो, तोवर काम करणारा कुठे आहे हेही ठाऊक नसते. अशा बाजारात कुशल कारागिराला त्याच्या कौशल्याचा मोबदला घरमालकाकडून मिळूच शकत नाही. जिथे काम तपासायला अभियंता असतो आणि करारात दर्जा लिहिलेला असतो, तिथे तो मिळतो. छत्रछाया यांना पडलेल्या गोदामाच्या कोड्याचे उत्तर मला यात दिसते.

ओलावा
आतापर्यंतचे प्रतिसाद वाचून असे वाटू लागले, की सगळा दोष घरमालकाचाच आहे. हे मला मान्य नाही. आगाऊ रक्कम घेऊन, जुनी कौले उतरवून, उघड्या छपरावर ताडपत्री टाकून गायब झालेले कंत्राटदार आमच्या कुटुंबाने पाहिले आहेत. अंदाजपत्रक द्यायला एक जण येतो, काम दुसऱ्याला दिले जाते आणि प्रत्यक्षात वर चढतो तो तिसराच, ज्याला पहिल्याने काय कबूल केले होते याचा पत्ताही नसतो. गारपीट किंवा वादळ होऊन गेले, की कधी न पाहिलेली माणसे दारोदार फिरून छपरे दुरुस्त करून देण्याचे सांगतात आणि पैसे घेऊन दिसेनाशी होतात. अशा वेळी ग्राहकाने विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? घासाघीस करणारा, पैसे रोखून धरणारा ग्राहक जन्मतः तसा नसतो. पोळलेला असतो म्हणून तसा वागतो.

परांची
ओलावा, आपला राग रास्त आहे आणि त्याचा चटका आम्हालाही बसतो. कोणीतरी फसवून गेल्यानंतर त्याच दारात उभे राहणे फार अवघड असते. एकच उपाय मला ठाऊक आहे: पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि टप्पे डोळ्यांना दिसणारे असावेत. सामान जागेवर उतरले, सांगाडा पूर्ण झाला, छप्पर झाकले गेले, पाणी मारून तपासले, अशा क्रमाने. आणि छप्पर एका वेळी तेवढेच उघडावे, जेवढे त्याच दिवशी पुन्हा झाकता येईल. जो कंत्राटदार सगळे छप्पर एकदम उघडे करायला निघतो, त्याला तिथेच थांबवावे.

रेखाटन
मी वास्तुरचनाकार आहे, आणि आमच्या व्यवसायाचीही यात जबाबदारी आहे हे सांगणे मला गरजेचे वाटते. पाणी सपाट पत्र्यातून किंवा अखंड कौलातून सहसा येत नाही. ते येते सांध्यांतून. दोन पाखी जिथे आतल्या बाजूने मिळतात ती पन्हळ, धुराड्याभोवतीची जागा, भिंतीला टेकलेले छप्पर, छपरातून वर काढलेले नळ. साध्या दोन पाख्यांच्या घरात असे सांधे मोजकेच असतात. कागदावर देखणी दिसणारी, अनेक कोनांत मोडलेली छपरे आम्ही काढतो, तेव्हा प्रत्येक मोडीबरोबर एक अवघड सांधा जन्माला येतो आणि तो घालण्यासाठी वरच्या दर्जाचा कारागीर लागतो. म्हणजे कारागीर कमी होत आहेत आणि छपरांची त्यांच्याकडून असलेली अपेक्षा मात्र वाढत आहे.

त्यात आता सौर पॅनलांची भर पडली आहे. पॅनल बसवायला येणारे लोक विजेच्या कामात तरबेज असतात, पण त्यांच्या चौकटीसाठी छपराला पाडलेली भोके हा छपराच्या कामाचा विषय आहे. त्या भोकांची जबाबदारी कोणाची, हे करारात फार क्वचित लिहिलेले आढळते. पुढे गळती झाली की पॅनलवाला छप्परवाल्याकडे बोट दाखवतो, आणि छप्परवाला पॅनल काढून दिल्याशिवाय हात लावायला तयार नसतो.

लोहचुंबक
रेखाटन यांनी सांध्यांचा मुद्दा काढला म्हणून थोडा इतिहास सांगतो. विषयांतर वाटले तरी संबंध आहे.

पन्हळी लोखंडी पत्र्याचे पेटंट हेन्‍री पामर या अभियंत्याने लंडनमध्ये १८२९ साली घेतले. त्याला जस्ताचा मुलामा देण्याचे पेटंट स्तानिस्लास सोरेल याने फ्रान्समध्ये १८३७ साली घेतले, आणि पत्रा गंजापासून बराच वाचला. एकमेकांत अडकणारी खाचेची कौले फ्रान्समधल्या आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली पेटंट केली. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने सुरू केलेला कौलांचा कारखाना याच परंपरेतला. या सगळ्या शोधांनी एकच गोष्ट केली. पाणी अडवण्याचे जे कसब पूर्वी शाकारणाऱ्याच्या बोटांत होते, त्याचा मोठा भाग कारखान्यातल्या साच्यात गेला. मग समजूत अशी झाली, की आता छप्पर कोणीही घालू शकतो.

पण कसब संपले नाही, ते स्क्रूच्या टोकाशी जाऊन बसले. पन्हळी पत्र्याच्या स्क्रूखाली रबरी वॉशर असतो. तो इतकाच दाबायचा, की त्याची कड धातूच्या चकतीबाहेर जेमतेम डोकावेल. जास्त आवळला तर रबर चिरडून बाहेर येते आणि उन्हात फाटते, कमी आवळला तर पाणी स्क्रूच्या आट्यांवरून आत उतरते. स्क्रू तिरका गेला तर एका बाजूला हे होते आणि दुसऱ्या बाजूला ते. एका छपरावर असे शेकडो स्क्रू असतात. शिवाय पत्रा स्थिर नसतो: दहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा तापमानात ५० अंशांचा फरक पडला, की सुमारे सहा मिलिमीटर वाढतो किंवा आखडतो, आणि अ‍ॅल्युमिनियमचा त्याच्या जवळपास दुप्पट. ही हालचाल रोज होते आणि चुकीच्या जागी मारलेला स्क्रू हळूहळू आपले भोक मोठे करत जातो. पत्रा ग्राइंडरने कापला तर तापलेले लोखंडाचे कण पृष्ठभागावर चिकटून तिथे गंजाचे ठिपके उमटतात. तांब्याच्या नळावरून ओघळणारे पाणी जस्ताच्या मुलाम्याला खाते. हे सर्व ज्याला ठाऊक आहे तो कारागीर, आणि ज्याला फक्त ड्रिल चालवता येते तो मजूर. पण घरमालकाच्या दारात दोघेही एकाच नावाने उभे राहतात.

ओलावा
लोहचुंबक, फारच उपयुक्त माहिती. यात आणखी एक भर घालते. सगळी ओल गळतीची नसते. पत्रा रात्री थंड पडतो आणि घरातली दमट हवा त्याच्या खालच्या बाजूला लागून थेंब धरते. पाऊस नसतानाही पहाटे थेंब पडत असतील, तर आधी हवा खेळती करण्याचा विचार व्हावा. त्या थेंबांसाठी वरून कितीही लेप फासले तरी उपयोग होत नाही.

कार्यशाळा
मी तांत्रिक शिक्षण देणाऱ्या संस्थेत शिकवतो. सुतारकाम, जोडारीकाम, वीजकाम या विषयांना मुले येतात, परंतु छप्पर हा स्वतंत्र विषय म्हणून फार थोड्या ठिकाणी शिकवला जातो. बहुतेकांच्या दृष्टीने तो सुतारकामाचा, गवंडीकामाचा किंवा पत्राकामाचा शेवटचा धडा असतो. जर्मनीत हा वेगळा व्यवसाय मानला जातो, त्याची उमेदवारी तीन वर्षांची असते आणि स्वतःचा व्यवसाय थाटायचा तर साधारणपणे त्यापुढची 'माइस्टर' परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २००४ साली तिथे ५३ व्यवसायांवरची ही अट काढून टाकण्यात आली. फरशी बसवण्याचे काम त्यांत होते, छपराचे नव्हते. फरशीच्या कामात नवे व्यवसाय भराभर उघडले, परंतु उमेदवारांना शिकवणे घटले. अखेर २०२० साली १२ व्यवसायांना ती अट पुन्हा लागू झाली आणि त्यांत फरशीचे काम होते.

शिकवण्याचा भार कोण उचलणार, हा खरा पेच आहे. नवख्या मुलाला छपरावर नेणे म्हणजे अनुभवी माणसाचा निम्मा वेळ त्याच्यावर लक्ष ठेवण्यात घालवणे. मुलगा तयार झाला की जास्त मजुरी देणारा त्याला घेऊन जातो. ज्याने शिकवले त्याच्या पदरात काहीच पडत नाही, म्हणून पुढच्या वेळी तो शिकवत नाही.

हिशेबवही
कार्यशाळा यांच्याशी अंशतः असहमत आहे. परवाना सक्तीचा केला की दर्जा वाढू शकतो, पण काम करणाऱ्यांची संख्या आणखी घटते आणि दर चढतात. ज्याला आज माणूस मिळत नाही, त्याला उद्या मिळाला तरी परवडणार नाही. सक्तीपेक्षा ऐच्छिक प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेली हमी मला अधिक योग्य वाटते. हमी म्हणजे कारागिराची हमी. पत्र्याच्या कंपनीचा कागद पत्र्यापुरता असतो, तो बसवण्यातल्या चुकीला लागू होत नाही, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

सुरक्षारेषा
हिशेबवही यांचा युक्तिवाद दर्जापुरता ठीक आहे, परंतु सुरक्षिततेच्या बाबतीत ऐच्छिक असे काही नसावे. कमी दरात मिळणारे काम जर कोणाच्या बिनदोराच्या चढण्यावर उभे असेल, तर ते स्वस्त आहे असे मी म्हणणार नाही.

जुने घर
एक बाजू राहून गेली. वर उल्लेख केलेल्या सुतारांशी नंतर बोलणे झाले, तेव्हा त्यांनी सांगितले की गुडघे आणि कंबर यांनी त्यांना छपरावरून केव्हाच खाली उतरवले आहे. आमचे काम त्यांनी ओळखीखातर केले. उन्हात तापलेल्या छपरावर उकिडवे बसून दिवस काढणे साठीपर्यंत कोणाला जमणार? त्यांच्या मुलांनी हे काम घेतले नाही आणि त्यांनीही आग्रह धरला नाही. हातात कसब येईपर्यंत अनेक वर्षे जातात, आणि ते पक्के होते न होते तोच शरीर साथ सोडू लागते. अशा माणसांना वर न चढवता पाहणीचे आणि शिकवण्याचे काम सन्मानाने देता आले असते, तर ते ज्ञान असे घरात बसून राहिले नसते.

परांची
जुने घर, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. माझ्याकडे असे एक ज्येष्ठ मिस्त्री आहेत. ते खाली उभे राहून छायाचित्रांवरून मुलांना सूचना देतात, आणि त्यांच्यामुळे माझी कितीतरी कामे वाचली आहेत.

छत्रछाया
सर्वांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. मूळ प्रश्न विचारताना माझा भर कंत्राटदार का येत नाही यावर होता. आता तो थोडा वेगळ्या रीतीने विचारावासा वाटतो: ज्याच्याकडे यायला चांगला कारागीर राजी होईल, असा ग्राहक होण्यासाठी घरमालकाने काय करावे? परांची, आपल्याकडून उत्तराची अपेक्षा आहे.

परांची
पहिले म्हणजे कोरड्या दिवसांत बोलवावे. गळती होत असतानाच डागाचे छायाचित्र काढून ठेवावे, वारा कोणत्या दिशेने होता हे लिहून ठेवावे आणि कारण शोधण्याचे काम पाऊस संपल्यावर द्यावे. वाऱ्याची दिशा समजली की निम्मा शोध संपतो. दुसरे, पाहणीचे पैसे वेगळे द्यावेत आणि त्या बदल्यात छायाचित्रांसह लेखी अहवाल मागावा. तो अहवाल तुमचा राहील, त्यावर तुम्ही कोणाकडूनही काम करून घ्या. मग पाहणाऱ्याला काम वाढवून सांगण्याचा मोह राहत नाही आणि सगळी कोटेशनेही एकाच कामाची येतात. तिसरे, कोणत्या भागाची हमी आहे आणि कोणत्या भागाची नाही, हे दोघांनी मिळून छपराच्या साध्या आकृतीवर खूण करून ठरवावे. माझी सर्वांत मोठी भीती याच एका कागदाने दूर होते.

रेखाटन
त्यात पाण्याच्या चाचणीची पद्धतही जोडावी. उतरत्या छपरावर नळीने पाणी सोडताना वळचणीपासून सुरुवात करून हळूहळू वर जावे आणि प्रत्येक टप्प्यावर पुरेसा वेळ थांबावे, एक जण आत माळ्यावर असावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच वाहते आणि नेमका सांधा सापडत नाही. सपाट गच्ची असेल तर पाण्याचे मार्ग बंद करून किमान २४ तास पाणी साठवून पाहतात, परंतु ते वजन गच्चीला पेलेल का हे आधी तपासून घ्यावे. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यावा, म्हणजे दोन्ही पक्षांना न्याय मिळतो.

दुसरी खिडकी
परांची, परांचीचा आणि ये-जा करण्याचा खर्च हाच अडसर असेल, तर शेजारच्या चार घरांनी मिळून एकत्र काम दिले तर आपण याल का?

परांची
आनंदाने येईन, आणि अशी कामे मी घेतलीही आहेत. अट एवढीच, की प्रत्येक घराची पाहणी स्वतंत्र व्हावी, करार स्वतंत्र असावा आणि एका घराचे पैसे दुसऱ्या घरच्या तक्रारीसाठी अडवले जाऊ नयेत. चारही घरे ओळीने मिळाली तर परांची एकदाच येते, माझी माणसे सलग काही आठवडे कामाला लागतात आणि एखादा नवा मुलगा पहिल्या घरावर पाहून चौथ्या घरावर स्वतः रीप ठोकू लागतो. बोलणी मात्र पावसाच्या बरीच आधी व्हायला हवीत. तेव्हाच माझ्याकडची चांगली माणसे मला मोकळी ठेवता येतील.